पाच मोसम, सात प्रशिक्षक : एफसी पुणे सिटीच्या व्यवस्थापनाचे प्रकरण

ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस, एकाच आठवड्यात, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतून दोन शहरे बाहेर पडली. एफसी पुणे सिटीची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाला मिळाली आणि दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. दिल्लीबद्दल दिल्लीकरांनी लिहावे. मी पुण्याच्या संघाचा समर्थक होतो, पाचही मोसम बालेवाडीच्या मैदानावर जात होतो, आणि त्या संघाचे जे झाले त्याचा राग अजून गेलेला नाही. तरीही हे टिपण केवळ रागापोटी लिहिलेले नाही. संघ हरतो तेव्हा समर्थक प्रशिक्षकाला किंवा आघाडीपटूला बोल लावतात आणि पुढच्या सामन्याला पुन्हा येतात. इथे पुढचा सामनाच उरला नाही. ते कसे घडले, कोणत्या निर्णयांनी घडले आणि ते निर्णय घेणाऱ्यांना कोणी काही विचारू शकत होते का, हे क्रमाने पाहावे, एवढाच हेतू आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. एफसी पुणे सिटीच्या व्यवस्थापनाने संघ कधी बांधलाच नाही. दर वर्षी नव्याने जुळवला. ज्या एका वर्षी तो खरोखर जुळला, त्याच वर्षानंतर तो जपायला हवा होता आणि तेव्हाच तो हातचा गेला. पुढे मालकांच्या मूळ व्यवसायावर संकट आले, तेव्हा संघाला स्वतःचे म्हणून उभे राहण्यासारखे काही शिल्लक नव्हते.

आधीचे पुणे

‘पुणे हे फुटबॉलचे शहर नाही’ हे वाक्य त्या काळात पुष्कळदा ऐकावे लागले. खडकी आणि कॅम्प भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ते पटणार नाही. व्यावसायिक फुटबॉलचेच बोलायचे तर अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये उभा केलेला पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, खेळत होता आणि २०१२-१३ च्या मोसमात त्याने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला होता. मामुर्डीला त्याची अकादमी होती. असा संघ २०१५ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळून बाहेर पडला. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळला आणि २०१७ मध्ये थांबला. त्यानंतर २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. चार वर्षांत एका शहराने चार व्यावसायिक संघ गमावले.

या चारही संघांची मालकी मोठ्या उद्योगसमूहांकडे होती, आणि संघ हा त्या समूहाच्या अनेक उपक्रमांपैकी एक होता. समूहाचा उत्साह किंवा पैसा आटला की संघ बंद. समर्थकांची संख्या, अकादमीतली मुले, गुणतक्त्यातले स्थान यांचा त्या निर्णयाशी काही संबंध नसे. पुणे एफसीने तर मैदानावर मागितले जाईल ते सगळे दिले होते. म्हणूनच ‘चांगला खेळला असता तर संघ टिकला असता’ हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही.

नावे मोठी, संघ दर वर्षी नवा

एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये स्थापन झाला. मालकी वाधवान समूहाची, सहमालक हृतिक रोशन आणि सुरुवातीला इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी भागीदारी. पहिल्या वर्षी प्रशिक्षक फ्रँको कोलोंबा आणि संघाचा चेहरा दाव्हिद त्रेझेगे. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट. चेहरा आद्रियान मुतू, सोबतीला तुंजाय, कालू उचे, दिदिए झोकोरा. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षक अंतोनिओ हाबास. आयदुर गुडयॉनसन मोसमाआधीच जायबंदी झाला म्हणून त्याच्या जागी मोहमद सिसोको. या तीन मोसमांत संघ अनुक्रमे सहावा, सातवा आणि सहावा आला, आणि लीगमध्ये संघ होते आठ.

नावे वाचली की व्यवस्थापनाची विचारपद्धती कळते. तिकीट विकू शकेल असा एक ओळखीचा चेहरा आणायचा आणि संघ त्याच्याभोवती उभा करायचा. स्पर्धा तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांची होती, त्यामुळे बहुतेक परदेशी खेळाडू मोसमापुरते येत. हा दोष एकट्या पुण्याचा नव्हता. साऱ्या लीगची घडणच तशी होती. पण त्याच घडणीत काही संघांनी प्रशिक्षक टिकवले, भारतीय खेळाडूंचा गाभा टिकवला. पुण्यात दर वर्षी पहिले पाढे पंचावन्न.

मुंबईबरोबरच्या पहिल्याच सामन्यात, १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, आम्ही ०-५ हरलो. आंद्रे मोरित्झने त्या दिवशी केलेली हॅटट्रिक लीगच्या इतिहासातली पहिली ठरली. मुंबईकडून असे हरणे पुणेकराला किती लागते हे वेगळे सांगायला नको. पण तो संघ एकत्र येऊन काही आठवडेच झाले होते, म्हणून आम्ही समजून घेतले. खटकले ते हे, की हेच कारण पुढच्या वर्षीही लागू पडत होते आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

२०१७-१८ : जुळलेला संघ

हाबास पुढचा मोसम सुरू होण्याआधीच निघून गेले आणि ऐनवेळी सर्बियाचे रांको पोपोविच आले. परिस्थिती पाहता हा मोसमही वाया जाईल असे वाटत होते. पण त्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने एक गोष्ट नीट केली होती, आणि तिचे श्रेय त्यांना द्यायला हवे. त्यांनी नाव बघून नव्हे, तर या लीगमध्ये काय केले आहे ते बघून खेळाडू घेतले. मार्सेलिन्यो आदल्या वर्षी दिल्लीकडून खेळताना सर्वाधिक गोल करणारा ठरला होता, तर एमिलियानो आल्फारोने नॉर्थईस्ट युनायटेडकडून आपली धार दाखवली होती. युरोपातल्या घराघरांत दोघांचीही नावे माहीत नव्हती, पण भारतातल्या दमट हवेत आणि इथल्या मैदानांवर आपण काय करू शकतो ते दोघांनी सिद्ध केले होते. त्यांच्या जोडीला आशिक कुरुनियन हा मलप्पुरमचा मुलगा डाव्या बगलेवरून धावत होता. पुणे एफसी बंद झाल्यावर त्याची अकादमी पुणे सिटीने घेतली होती, आणि आशिक त्या अकादमीतून वर आलेला.

संघ चौथा आला आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. पहिला टप्पा ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीत बंगळूरु एफसीविरुद्ध झाला. बालेवाडीचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की ते मुळात धावण्याच्या शर्यतींसाठी बांधलेले आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभे राहिले. प्रेक्षक आणि खेळ यांच्यामध्ये धावमार्गाचा रुंद पट्टा आहे, त्यामुळे दूरच्या गोलाजवळची झटापट स्टँडमधून अंदाजानेच समजून घ्यावी लागते आणि आपला आवाज खेळाडूपर्यंत पोचतो की नाही याची शंका येते. त्या रात्री तो पोचत होता. नारिंगी शर्ट घातलेल्यांचे ढोल पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत थांबले नाहीत, आणि आशिकने डावीकडून चेंडू घेतला की माणसे बसल्या जागेवरून उठत होती. सामना ०-० सुटला. चार दिवसांनी बंगळूरुला सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि आम्ही १-३ हरलो.

हरल्याचे दुःख झाले, पण तक्रार नव्हती. बंगळूरु त्या मोसमातला सर्वांत भक्कम संघ होता. आम्ही त्याच्यापासून किती दूर आहोत ते दिसले, आणि ते अंतर एकदोन वर्षांच्या कामाने भरून निघेल असेही दिसले. अशा वेळी व्यवस्थापनासमोर साधा प्रश्न असतो : हेच पुढे न्यायचे, की पुन्हा नवे काही करायचे?

तीन सामने

पोपोविच पुढच्या मोसमाला राहिले नाहीत. नवा प्रशिक्षक म्हणून स्पेनचे मिगेल आंगेल पोर्तुगाल आले. पहिल्या तीन सामन्यांत संघाला एक गुण मिळाला. त्यातला एक पराभव मुंबईकडून, दुसरा घरच्या मैदानावर बंगळूरुकडून ०-३. एवढ्यावर, म्हणजे ऑक्टोबर महिनाही संपला नसताना, पोर्तुगाल यांना निरोप देण्यात आला. मग प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी म्हणून संघ सांभाळला आणि डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. ब्राउन यांनी घसरण थांबवली, तरी संघ सातव्या स्थानावरच थांबला.

या निर्णयाचा मी अनेक वेळा विचार केला आहे, आणि कोणत्याही बाजूने पाहिले तरी तो समर्थनीय वाटत नाही. पोर्तुगाल यांची निवड विचारपूर्वक झाली असेल तर तीन सामने हा तिचा निकाल लावण्याइतका काळ नव्हे; नव्या प्रशिक्षकाला आपली बचावफळी कोणत्या रेषेवर उभी करायची हे ठरवायलाही तेवढे सामने लागतात. आणि निवड विचारपूर्वक झालीच नसेल, तर चूक निवडणाऱ्यांची होती. प्रशिक्षक गेला, निवडणारे राहिले. पराभवाची किंमत पैसे आणि अधिकार नसलेल्या माणसाने मोजायची, आणि ज्याने माणूस निवडला त्याने पुढचा माणूस निवडायचा, ही व्यवस्थापनाची जुनी खोड आहे. पाच मोसमांत कोलोंबा, प्लॅट, हाबास, पोपोविच, पोर्तुगाल, रेड्डी आणि ब्राउन असे सात जण झाले. सलग दोन मोसम एकच प्रशिक्षक, असे पुण्याने कधी पाहिलेच नाही.

हाबास स्वतः गेले, परदेशी प्रशिक्षकांना अन्यत्र संधी मिळतात, लीगमध्ये सगळीकडे हेच चालते, ही उत्तरे मला ठाऊक आहेत. ती अंशतः खरीही आहेत. म्हणूनच प्रशिक्षकाच्या वर अशी एक व्यक्ती लागते, जी संघाने कसे खेळायचे हे ठरवते आणि त्या पद्धतीला साजेसा प्रशिक्षक शोधते, म्हणजे एक माणूस गेला तरी खेळ बदलत नाही. पुण्यात हाबास यांचा सावध, बचावावर उभा असलेला खेळ, मग पोपोविच यांचा आक्रमक खेळ, त्यानंतर एका स्पॅनिश प्रशिक्षकाकडे आणि मग इंग्लिश प्रशिक्षकाकडे, हा प्रवास पाहिला तर त्यामागे एक विचार होता असे म्हणणे कठीण आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पैशाचे संकट आणि मौन

संघाच्या मालकांचे नाव ज्या वाधवान घराण्याशी जोडलेले होते, त्याच घराण्याची दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, ही कंपनी. २१ सप्टेंबर २०१८ रोजी तिचा समभाग एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक कोसळला. आठ दिवसांनी लीगचा नवा मोसम सुरू झाला. जून २०१९ मध्ये डीएचएफएलकडून रोख्यांवरचे व्याज थकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. या दोन तारखांच्या मध्ये, ऑगस्टमध्ये, पुण्याचा संघ संपला.

ही घटनामालिका वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही दिसत होती. समर्थकांना ती इतरांपेक्षा आधी दिसली, कारण आम्ही रोज पाहत होतो. प्रश्न सरळ होते : पुढच्या मोसमासाठी पैसे आहेत का, नवा भागीदार शोधला जातो आहे का, अकादमीचे काय होणार? नवी जर्सी दाखवताना, नव्या खेळाडूचे स्वागत करताना आमच्यापर्यंत आवर्जून पोचणारे व्यवस्थापन या प्रश्नांवर आमच्याशी बोलले नाही. संघ विकला जाणार, तो शहराबाहेर जाणार, याच्या बातम्या आधी आल्या आणि घोषणा वरातीमागून घोड्यासारखी नंतर आली. ती घोषणाही हैदराबादच्या स्वागताची होती. पुण्याचा उल्लेख त्यात जाता जाता आला.

मालकांच्या बाजूनेही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. या लीगमध्ये संघ चालवणे अतिशय खर्चिक होते. दर वर्षी मोठे सहभाग शुल्क भरावे लागे आणि खेळाडूंवर, प्रवासावर, दुसऱ्याच्या मैदानाच्या भाड्यावर होणारा खर्च तिकिटांतून निघत नसे. त्यांनी पाच वर्षे हा खर्च उचलला, पुणे एफसीची अकादमी वाऱ्यावर सोडली नाही, आणि आशिक जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात भारताकडून खेळला तेव्हा तो पुणे सिटीचाच खेळाडू होता. हे सगळे मी मान्य करतो. मात्र पैसे घालण्याने संघाची मालकी मिळते. निघून जाताना तोंड फिरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

त्याच जागेचे पुढे काय झाले

हैदराबादला गेलेल्या जागेचा इतिहास आमच्या तक्रारीचा पुरावा आहे, आणि तिला आव्हानही. ब्राउन यांच्यासह पुण्याचे अनेक खेळाडू तिकडे गेले. पहिल्या मोसमात संघ तळाला आला आणि ब्राउन यांना जानेवारी २०२० मध्ये जावे लागले. त्यानंतर मानोलो मार्केझ आले आणि तीन मोसम राहिले. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक, दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेतेपद, तिसऱ्या वर्षी पुन्हा गुणतक्त्यात दुसरे स्थान. त्या विजेत्या संघात पुण्याहून गेलेले आशिष राय आणि निखिल पुजारी होते, कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सामना दूरचित्रवाणीवर पाहताना मला त्यांचा आनंद झाला आणि आमच्या व्यवस्थापनाचा राग नव्याने आला. प्रशिक्षक टिकवला आणि तरुण भारतीय खेळाडूंना खेळू दिले, एवढेच हैदराबादने वेगळे केले होते.

पण पुढची पायरी तितकीच बोलकी आहे. मार्केझ २०२३ मध्ये गोव्याला गेले, हैदराबादमध्ये खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, आणि २०२३-२४ मध्ये तोच संघ बारा संघांत शेवटचा आला, गुण फक्त आठ. मालकी बदलली आणि २०२५ मध्ये ही जागा दिल्लीला गेली; आता तिचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्यातून निघालेली एक जागा सहा वर्षांत तिसऱ्या शहरात पोचली. म्हणजे मैदानावरचे शहाणपण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. हैदराबादच्या समर्थकांनी ते शहाणपणही पाहिले, चषकही पाहिला, आणि शेवटी तेही आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले.

संघ हलवण्याचा हा प्रकार इंग्लंडमध्येही घडला आहे. लंडनच्या विम्बल्डन संघाला २००२ मध्ये मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली. समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा संघ काढला, तळाच्या स्पर्धांतून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये परत आणला. हे शक्य झाले कारण तिथे तळापासून वरपर्यंत चढण्याचा जिना आहे. पुण्याच्या समर्थकांनी २०१९ मध्ये असा संघ काढला असता तर तो इंडियन सुपर लीगपर्यंत कोणत्या वाटेने गेला असता? खालच्या स्पर्धेतून वर येण्याची वाटच लीगने २०२३ पर्यंत उघडली नव्हती; त्या वर्षी पहिल्यांदा पंजाबचा संघ तसा वर आला. आणि खालच्या स्पर्धेत घसरण्याचे भय तर २०२४-२५ च्या मोसमापर्यंत कोणत्याच संघाला नव्हते. तळाला आलेल्या व्यवस्थापनाला त्याची शिक्षा होत नव्हती, आणि चौथ्या आलेल्या संघाला त्याचे संरक्षण मिळत नव्हते.

आपल्याकडे, दोनअडीचशे किलोमीटरवर, कोल्हापूरला अगदी वेगळी रचना उभी आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ हे संघ पेठांचे आहेत. त्यांच्याकडे उद्योगसमूहांसारखा पैसा नाही, पण शाहू स्टेडियममध्ये त्यांचे सामने असले की माणसांची दाटी होते, आणि यांपैकी एखादा संघ उद्या उचलून दुसऱ्या गावी नेण्याचा विचारही कोणी करू शकत नाही, कारण तो विकायचा अधिकार एका माणसाकडे नाही. व्यावसायिक लीग तालमीच्या पद्धतीने चालणार नाही हे उघड आहे. पण पेठेतला कार्यकर्ता पदाधिकाऱ्याला भर चौकात जाब विचारू शकतो, तसा जाब विचारण्याची जागा बालेवाडीच्या समर्थकाला कुठेही नव्हती.

काय असायला हवे होते

क्लबांना परवाना देण्याची पद्धत आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार भारतातही आहे आणि तिच्यात आर्थिक निकष आहेत. निकष पूर्ण न करणाऱ्या संघांना सूट देऊन परवाना देण्याचीही पद्धत आहे, आणि तिथेच सगळे गळते. परवान्याच्या अर्जासोबत दिलेले लेखापरीक्षित हिशेब मोसमाआधी जाहीर झाले पाहिजेत, आणि एका मोसमाच्या पगाराइतकी रक्कम बँक हमी म्हणून लीगकडे ठेवलेली असली पाहिजे. शहर सोडायचे असेल तर पूर्ण एक मोसम आधी सूचना देणे आणि त्या काळात त्याच शहरातून पुढे येणाऱ्या खरेदीदाराला पहिली संधी देणे बंधनकारक हवे. अकादमीतल्या मुलांची नोंदणी आणि प्रशिक्षण पुढे कोण चालवणार हे ठरल्याशिवाय जागा हस्तांतरित होता कामा नये. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला आणि संघाचे मैदान, बोधचिन्ह, रंग यांबाबत समर्थकांच्या मताला कायद्याचे बळ दिले. तेवढे मोठे पाऊल इथे उद्या पडेल असे मी म्हणत नाही. वर लिहिलेल्या अटींना तर कायदाही लागत नाही, लीगच्या नियमावलीत त्या घालता येतात.

पुण्यात पुन्हा एखादा समूह व्यावसायिक संघ घेऊन आला, तर मी तिकीट काढेन, यात शंका नाही. पण त्याआधी त्याच्या व्यवस्थापनाला जाहीरपणे विचारेन की पहिल्या तीन वर्षांचा पैसा कुठून येणार आहे, प्रशिक्षक निवडणारी व्यक्ती कोण आणि तिच्या चुकीचा जाब कोण घेणार, आणि संघ विकायची वेळ आली तर आम्हाला ते किती महिने आधी कळेल. या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळावीत, असा आग्रह पुण्यातल्या प्रत्येक समर्थकाने धरला पाहिजे, आणि तो संघाची पहिली जर्सी विक्रीला येण्यापूर्वी धरला पाहिजे.